माळ्यावरची इलेक्ट्रिक गिटार: ओळखायची कशी, वाजती करायची कशी

जुनी इलेक्ट्रिक गिटार हाती आली की पहिले एक-दोन दिवस तिला काही करू नका. पुसू नका, तारा काढू नका, ॲम्पला तर जोडूच नका. गंजलेल्या तारा, स्क्रूच्या खाचांत बसलेला मळ, केसच्या खिशातला तुटका पट्टा, ब्रिजखाली कोणीतरी दाबून ठेवलेला पुठ्ठ्याचा तुकडा, हे सगळं तिच्याबद्दल काही ना काही सांगत असतं. उत्साहाच्या भरात आपण नेमकं तेच आधी फेकून देतो. मोबाइल घ्या, गॅलरीत उजेडाला या आणि फोटो काढा: पुढून, मागून, डोक्याच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) दोन्ही बाजू, नट (डोक्याशी तारा टेकतात ती पट्टी) आणि ब्रिज (धडावरचा तारांचा टेका) अगदी जवळून, मानेच्या मुळाशी असलेले स्क्रू. ब्रिज नुसता तारांच्या दाबावर उभा असेल तर त्याच्या दोन्ही कडांना कागदी चिकटपट्टी लावून जागा खुणावून ठेवा. तारा सैल केल्या की तो निखळतो आणि मग मूळ जागा शोधत बसावं लागतं.

इंदुरात काय सापडतं

रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा भागांतल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवर, महूच्या छावणीतल्या बंगल्यांत, एखाद्या बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या पेटाऱ्यात अशा गिटारी निघतात. १९९१ पूर्वी परदेशी वाद्य मागवणं सोपं नव्हतं. परदेशातून येणारा नातेवाईक, फौजेतलं कुटुंब, चर्चमधला वादक, अशा वाटांनी ती येत. त्यामुळे पहिली अपेक्षा जरा खाली ठेवा. ‘काका, ही साठ सालची फेंडर निघाली तर?’ असं तरुण मुलं डोळे मोठे करून विचारतात. फेंडर ही नामांकित अमेरिकी कंपनी. तिची निघाली तर आनंदच आहे, पण निघण्याची शक्यता फार थोडी. इथे जास्त करून तीन प्रकार भेटतात: कोलकात्यात बनलेली भारतीय गिटार, साठ-सत्तरच्या दशकातली जपानी गिटार, आणि कुठलीही असो, हवाईयन पद्धतीने वाजवली गेलेली गिटार.

हा तिसरा प्रकार आधी समजून घ्या, कारण नवशिके सर्वांत जास्त गोंधळतात ते इथेच. आपल्याकडे कित्येक वर्षं गिटार म्हटलं की मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी दांडी तारांवरून सरकवत वाजवायची हवाईयन गिटार हेच चित्र डोळ्यांपुढे येई. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या फिल्मी धुनांच्या तबकड्या घरोघरी वाजत. ब्रिजभूषण काबरांनी तर याच वाद्यावर राग वाजवले. त्या काळी शिकणाऱ्याने साधी स्पॅनिश गिटार, म्हणजे बोटांनी तारा दाबून वाजवायची, आणली तरी नटवर धातूचं एक टोपण चढवून तारा उंच करून घेतल्या जात. अशी गिटार आज हातात घेतली की तारा बोटाखाली दबतच नाहीत. मग माणूस म्हणतो, ‘मान वाकली, गेली कामातून.’

नट नीट पाहा. तारा फ्रेटबोर्डापासून (मानेच्या, फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या पुढच्या बाजूपासून) जवळपास बोटभर उंच आहेत आणि नटवर वेगळा धातूचा तुकडा बसलेला दिसतोय का? तारा सैल केल्यावर तो बहुधा हाताने निघून येतो आणि खाली मूळ नट शाबूत असतो. तो काढलेला तुकडा टाकू नका. मग फ्रेट पाहा. पोलादी दांडी फ्रेटला टेकतच नाही, म्हणून अशा गिटारीचे फ्रेट पन्नास वर्षांनीही नव्यासारखे राहतात. हा खरा लाभ. फ्रेट झिजलेले नसले की दुरुस्तीचा मोठा खर्च वाचतो. तोटा इतकाच की जाड तारा वर्षानुवर्षं ताणलेल्या राहिल्यामुळे मान पुढे ओढली गेलेली असू शकते.

पण मानेची पाठ हाताने चाचपा. ती गोलसर नसून चौकोनी, लाकडी ठोकळ्यासारखी असेल, किंवा फ्रेटच्या जागी नुसत्या रेघा असतील, तर ती जन्मजात हवाईयन आहे. तिची स्पॅनिश गिटार होत नाही, करायला जाऊही नका. तिला तशीच वाजवायला शिका, नाहीतर शिकणाऱ्याला द्या.

नाव शेवटी वाचा

डोक्यावरचं नाव हा सर्वांत कच्चा पुरावा. स्टिकर दहा मिनिटांत लागतो. शिवाय नावं फसवी असतात. कोलकात्याची गिवसन आणि अमेरिकेची गिब्सन यांच्यात एका अक्षराचा फरक आहे आणि धुळीत, अर्ध्या उजेडात तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. होबनर आणि जर्मनीची होनर यांचंही तसंच. गिवसनवर भारतात असंख्य माणसं गिटार शिकली, त्यात कमीपणा काही नाही. फक्त भाव गिब्सनचा सांगू नका आणि कोणी सांगितला तर देऊ नका.

म्हणून मागून सुरुवात करा. मान धडाला कशी जोडली आहे? चार स्क्रू आणि पत्र्याची पाटी असेल तर ती बोल्ट-ऑन. काहीच दिसत नसेल तर मान सरसाने चिकटवलेली आहे. एवढ्यावरूनच बऱ्याच दाव्यांचा निकाल लागतो. लेस पॉलच्या (गिब्सनच्या प्रसिद्ध मॉडेलच्या) आकाराची गिटार आहे, डोक्यावर गिब्सन लिहिलंय आणि मागे चार स्क्रू आहेत, तर ती गिब्सन लेस पॉल नाही. गिब्सनने लेस पॉलची मान चिकटवूनच बसवली. अशा चार स्क्रूंच्या नकला सत्तरच्या दशकात जपानमधून भरपूर निघाल्या आणि त्यातल्या काही अस्सल चांगल्या आहेत. प्रकरण इतकं वाढलं की १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने इबानेझच्या अमेरिकी वितरकावर डोक्याच्या आकारावरून दावा लावला होता.

मग स्क्रू. जपानी गिटारीचे स्क्रू मिलिमीटरच्या मापाचे असतात आणि त्यांच्या डोक्यावरची अधिकची खूण आपल्या नेहमीच्या फिलिप्स पेचकसाला नीट बसत नाही. पेचकस खाचेतून वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. जपानी मापाचं टोक मिळालं तर उत्तम, नाहीतर सरळ दाब देऊन सावकाश फिरवा. सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानांत छोट्या टोकांचे संच मिळतात.

केबल लावायचं भोक पाहा. नेहमीच्या मोठ्या जॅकऐवजी पाच पिनांचं गोल सॉकेट असेल तर गिटार सोव्हिएत किंवा पूर्व युरोपातली असण्याची दाट शक्यता. नटच्या लगेच पुढे एक जादा फ्रेट, म्हणजे झीरो फ्रेट, असेल तर जर्मनीची फ्रामुस किंवा होफनर, इटलीची एको, नाहीतर साठच्या दशकातली एखादी जपानी गिटार डोळ्यांपुढे आणा. आणि पिकअपांची (तारांचा कंप पकडणाऱ्या, तारांखालच्या चुंबकी भागांची), बटणांची, पांढऱ्या खटक्यांची रेलचेल, स्वयंपाकघरातल्या मिक्सरला लाजवेल इतकी, दिसली की टाइस्को हे नाव आठवा. ही कंपनी १९४६ साली टोकियोत सुरू झाली आणि १९६७ साली कावाईने घेतली. तिच्या कारखान्यातून निघालेल्या गिटारी परदेशी दुकानांच्या वेगवेगळ्या नावांनीही विकल्या गेल्या. त्यामुळे तुमच्या गिटारीवरचं नाव कुठेच सापडलं नाही तरी घाबरू नका, पिकअपचा आणि डोक्याचा आकार जुळवून पाहा.

आता आतलं बघायचं. तारा सैल करा, मग पिकगार्ड किंवा मागचं झाकण उघडा. व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखाली जे पॉट असतात त्यांच्या पाठीवर किंवा कडेला कोरलेला आकडा शोधा. अमेरिकी पॉटवर तो बहुधा सहा-सात अंकी असतो. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रालॅब. सात अंकी आकड्यात पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. १३७७३२१ असा आकडा असेल तर सीटीएसने तो पॉट १९७३ सालच्या एकविसाव्या आठवड्यात बनवला. सहा अंकी जुन्या आकड्यात वर्षाचा एकच अंक असतो, तेव्हा दशक इतर खुणांवरून ठरवावं लागतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. पॉटची तारीख एवढंच सांगते की गिटार त्याआधीची नाही. फेंडरने १९६६ सालचे पॉट इतके घेऊन ठेवले होते की ते पुढची काही वर्षं गिटारींत बसत राहिले. आणि सोल्डर पाहा. जुनं सोल्डर मंद राखाडी, एकसंध, कारखान्यातल्या एकाच हाताचं वाटतं. चकचकीत गोळे, जळलेलं वायरचं आवरण, तीन रंगांच्या वायरी दिसल्या की कोणीतरी आत काम केलंय. मग पॉटचा आकडा गिटारीचा पुरावा राहत नाही. भारतीय गिटारीत तर रेडिओचे पॉटही बसवलेले असू शकतात. त्यात लबाडी काही नाही, जे बाजारात मिळालं ते लावलं.

बोल्ट-ऑन मान असेल आणि हात स्थिर असेल तर तारा पूर्ण काढून चारही स्क्रू सोडवा. मानेच्या टाचेवर पेन्सिलने लिहिलेली किंवा शिक्क्याची तारीख सापडू शकते. फेंडरवर ती अनेकदा असते. खोबणीत कागदाचा किंवा पत्र्याचा शिम (मानेचा कोन जमवायला घातलेला पातळ तुकडा) निघाला तर तो होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. मान सरसाची असेल तर ती कधीच उघडायची नाही.

आता अमेरिकी गिटारींचे थोडे आकडे, ज्यांच्या हाती खरंच ती आली असेल त्यांच्यासाठी. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर घेतली आणि त्याआधीच्या गिटारींचा भाव वेगळाच असतो. १९६५ च्या अखेरपासून स्ट्रॅटचं डोकं मोठं झालं आणि १९८१ पर्यंत मोठंच राहिलं. १९७१ पासून ते दशक सरेपर्यंत तिची मान तीन स्क्रूंवर असे. १९७६ पर्यंत सीरियल नंबर मानेच्या पाटीवर, नंतर डोक्यावर. गिब्सनचे साठच्या दशकातले नंबर पुन्हा पुन्हा वापरले गेले आहेत, त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नका. डोक्यामागे ‘मेड इन यूएसए’ ठोकून कोरलेलं असेल तर गिटार १९७० किंवा त्यानंतरची. १९७७ पासून आठ अंकी नंबर आहे आणि त्यात पहिला व पाचवा अंक मिळून वर्ष होतं, मधले तीन अंक त्या वर्षातला कितवा दिवस ते सांगतात.

या सगळ्या खुणा एका दिशेला बोट दाखवत असतील तर मग डोक्यावरचं नाव वाचा. जुळलं तर छान.

वीज आधी, सूर नंतर

गिटार स्वतः कोणाला मारत नाही, जुना ॲम्प मारू शकतो. गिटारीच्या तारा ब्रिजमार्फत ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्प सदोष असेल, दोन पिनांचा प्लग असेल किंवा घरात अर्थिंगच नसेल तर तीच वीज तारांवर येते. एका हातात तारा आणि ओठांपाशी माइक अशा अवस्थेत गणपतीच्या मांडवात उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. मांडवातली वीज कुठून ओढलेली असते ते आपल्याला ठाऊक आहेच. वाजवण्याआधी मल्टिमीटरने तारा आणि माइकची जाळी यांच्यातला एसी व्होल्टेज मोजा. काहीही लक्षणीय आकडा दिसला तर वाजवू नका, मग आयोजक कितीही ‘चालतं भिया’ म्हणोत.

गिटारीसोबत तिचा जुना ॲम्पही मिळाला असेल तर त्याची मागची पाटी वाचा. अमेरिकी ॲम्प ११७ किंवा १२० व्होल्टचा असतो, जपानी १०० व्होल्टचा. तो आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की धूर निघतो आणि ट्रान्सफॉर्मर जातो. योग्य क्षमतेचा स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावल्याशिवाय वायर भिंतीकडे नेऊच नका. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर तो स्वतः उघडायचाही नाही. बंद करून प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट साठून राहतात. हे काम व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेल्या जुन्या माणसाचं. शहरात अशी माणसं कमी उरलीत पण आहेत, महाराणी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी केली तर पत्ता लागतो.

गिटारीची वीज तपासायला सध्याचा छोटा, धड ॲम्प पुरे. त्याआधी मल्टिमीटरनेच पिकअप जिवंत आहेत का ते पाहा: केबल जॅकमध्ये घाला, व्हॉल्यूम पूर्ण वाढवा, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या दोन भागांवर मीटरच्या पिना लावा आणि खटका एकेका पिकअपवर न्या. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा पिकअप) साधारण पाच ते सात किलोओहम दाखवतो, हंबकर (दोन वेटोळ्यांचा) सात ते नऊ. जुन्या जपानी पिकअपांचे आकडे याहून वेगळे निघू शकतात, ते चालतं. एका पिकअपवर मीटर पुढे सरकेचना किंवा पॉटचाच आकडा, दोनअडीचशे किलोओहम, येत राहिला, तर आतली केसाइतकी बारीक तार तुटली आहे. असा पिकअप टाकू नका, तो पुन्हा गुंडाळून मिळतो.

बटण फिरवताना खरखर येत असेल तर पॉटच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि बटण टोकापासून टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. दाराच्या बिजागरीला मारायचा गंजाचा स्प्रे इथे वापरू नका.

वाजती करणं: मानेपासून सुरू

सेटिंगचा क्रम ठरलेला आहे: मान, नट, तारांची उंची, इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर खरा लागणं), पिकअपची उंची. उलटा क्रम लावला की प्रत्येक पुढची पायरी मागचीला बिघडवते आणि दिवसभर गोल गोल फिरत राहता.

नव्या तारा घाला. जुन्या तारांवर कोणतंही माप खरं येत नाही. कोणत्या घालायच्या? मान भक्कम आणि ट्रस रॉड (मानेतली, तिचा वाक कमी-जास्त करणारी पोलादी कांब) चालू असेल तर दहाचा संच (सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची). ट्रस रॉड नसेल किंवा संशय असेल तर नऊचा, त्याचा ताण कमी. साठच्या दशकातल्या कित्येक स्वस्त जपानी गिटारींच्या मानेत फिरवता न येणारी पोलादी पट्टी असते. तिथे मान वाकली असेल तर चावी फिरवून सुटका नाही, हलक्या तारा हाच घरगुती इलाज.

सुरात लावून गिटार वाजवायच्या स्थितीत धरा, टेबलावर झोपवून मोजू नका. जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि जिथे मान धडाला मिळते त्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. आता तार ही सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे? ०.२ ते ०.३ मिमी असावी. मोजायला दुचाकीचे मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात तेच फिलर गेज वापरा, त्याच्या पात्यांवर जाडी लिहिलेली असते.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट करायचा, फट नसेल किंवा मान मागे वाकली असेल तर सैल करायचा. एका वेळी एक अष्टमांश फेरा, फार तर पाव. मग सुरात लावा, थांबा, पुन्हा मोजा. मान हळूहळू बसते, काही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा बदललेला असतो. जुन्या फेंडरमध्ये रॉडचं टोक मानेच्या टाचेत असतं, त्यासाठी मान काढावी लागते. आणि जर रॉडच्या टोकाचा फिरवायचा नट जराही हलत नसेल तर थांबा. जोर लावून तुटलेला ट्रस रॉड म्हणजे फ्रेटबोर्ड उखडून करायचं काम, त्यात गिटारीच्या किमतीइतका खर्च होऊ शकतो. गंजावरचं तेल आत ओतायचा मोहही टाळा, ते लाकडात मुरतं.

मानेनंतर नट. जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांच्यात कागद जाईल इतकीच फट हवी. तार पूर्ण टेकली तर नट खोल गेलाय, मोकळी तार वाजवताना झणझण येईल. फट बरीच असेल तर पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतील आणि बोटंही दुखतील. हवाईयन टोपण काढलेल्या गिटारीत मूळ नट बहुतेक चांगलाच असतो. झीरो फ्रेट असेल तर नट फक्त तारांमधलं अंतर राखतो, तिथे झीरो फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा शोधा. नटच्या खाचा साध्या कानशीने कोरू नका, त्यासाठी तारेच्या जाडीच्या खास कानशी असतात आणि त्या नसतील तर हे काम बाहेर द्या.

उंची बाराव्या फ्रेटवर मोजायची: फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत जाड तारेला दोन मिमीच्या आसपास, बारीक तारेला दीड. लहान पोलादी पट्टी चालते. सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यांचे) स्क्रू किंवा ब्रिजची चाकं फिरवून तिथवर या. ब्रिज पार खाली टेकला तरी तारा उंचच राहिल्या तर मानेचा कोन चुकला आहे. बोल्ट-ऑन मान असेल तर खोबणीत पूर्ण रुंदीचा पातळ शिम टाकून कोन सुधारता येतो. सरसाच्या मानेला हे जमत नाही. उंची खाली आणल्यावर एकाच जागी एकच तार झणझणत असेल तर तिथला फ्रेट वर उठलाय, सगळीकडे झणझणत असेल तर उंचीच जास्त खाली गेली.

इंटोनेशनला ट्यूनर लागतो, मोबाइलमधलाही चालतो. बाराव्या फ्रेटच्या अगदी वर तारेला हलका स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे मानेपासून दूर न्या. उतरता असेल तर पुढे. प्रत्येक बदलानंतर तार पुन्हा सुरात लावून मगच तपासा. लाकडी सुट्ट्या ब्रिजला सगळ्या तारा एकदम सरकतात, तिथे जाड आणि बारीक अशा दोन टोकांच्या तारा जुळवा आणि मधल्यांना थोडं माफ करा. जागा हरवली असेल तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याच्या दुप्पट अंतरावर ब्रिज ठेवून सुरुवात करा. फेंडरला हे पूर्ण अंतर ६४८ मिमी येतं, गिब्सनला साधारण ६२८.

पिकअप शेवटी. शेवटच्या फ्रेटवर तार दाबा, पिकअप आणि तार यांत दोन-तीन मिमी ठेवा. सिंगल कॉइल फार जवळ आणला तर चुंबक तारेला खेचतं आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो. लोक इंटोनेशनला दोष देत बसतात आणि कारण इथे असतं.

ट्रेमोलोची दांडी असेल तर नवशिक्यांनी ती पहिले काही महिने विसरावी. मागच्या स्प्रिंगा आवळून ब्रिज धडाला टेकवून ठेवा, सूर टिकतो.

माळव्याची हवा

एप्रिल-मेमध्ये इंदूरची हवा कोरडी होते, पारा चाळिशी ओलांडतो. लाकूड आक्रसतं, फ्रेट मात्र तेवढेच राहतात आणि मानेच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं टोचतात. जुलैत पाऊस लागला की तीच टोकं पुन्हा आत जातात. म्हणून उन्हाळ्यात टोकं घासून घ्यायची घाई करू नका, कायमचं जास्त घासलं जाईल. कूलरच्या समोरच्या भिंतीवर गिटार टांगणं सर्वांत वाईट: दुपारी ओली हवा, रात्री कोरडी, रोज. ती केसमध्ये, घरातल्या आतल्या भिंतीला लागून ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर एकदा मानेची फट मोजा, ती हललेली असते.

पुसायला किंचित ओलसर मऊ फडकं, नंतर कोरडं. जुन्या नायट्रो लॅकरवर (जुन्या गिटारींवरच्या चमकदार रंगाच्या थरावर) स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं औषध यांतलं काहीही लावू नका, रंग वितळतो. रबरी टोपणांच्या स्टँडवरही अशी गिटार ठेवू नका, रबर लॅकरशी रासायनिक लगट करतं आणि मानेवर काळा चट्टा पडतो. रंगावर बारीक तडे असतील तर राहू द्या. वय दिसतं म्हणून पुन्हा रंगवलेल्या जुन्या गिटारीचा भाव बहुतेक वेळा खाली येतो.

कारागिराकडे द्यायची वेळ येते ती तीन कामांसाठी: फ्रेट घासून सपाट करणं किंवा नवे घालणं, नट नवा कापणं, अडकलेला ट्रस रॉड. देताना बोलून ठेवा की रंग काढायचा नाही, नवी भोकं पाडायची नाहीत, खुंट्या बदलल्या तर जुन्या परत हव्यात. खुंट्यांची प्लॅस्टिकची बटणं वयाने भुगा होतात, ती एकटी बदलता येतात, अख्खा संच बदलायची गरज नसते. काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी खाच खाल्लेला स्क्रूसुद्धा, झिपच्या पिशवीत घालून केसच्या खिशात ठेवा आणि पिशवीवर तो कुठला ते लिहा.